साडेबाराच्या खाली नाही

९ जानेवारी

चार महिन्यांनी वही उघडली. तीस वर्षं वॉर्डात ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरसाठी सगळं लिहून ठेवायचं, एक नोंद राहिली तरी मेट्रन सगळ्यांसमोर झापायच्या. निवृत्त झाले तरी हात शिवशिवतो. हे आजारी पडले तेव्हा मात्र वही मिटली. हे गेले त्याला आज नऊ आठवडे झाले.

आज अंगणातल्या शेपटाचं दार उघडलं. शेपूट म्हणजे आमचं गाडीच्या मागे जोडून न्यायचं घर. समोरासमोर दोन बाक, ते ओढले की पलंग, एक शेगडी, वीतभर बेसिन आणि एक कपाट, ज्याचं दार प्रत्येक वळणावर उघडायचं. मुलगा पाच वर्षांचा असताना ह्यांनी ते कुठल्याशा गॅरेजच्या मागून उचलून आणलं. गाडी फाटकातून आत वळली तसा पोरगा ओरडला, "बाबा, गाडीला शेपूट फुटलं!" तेव्हापासून तेच नाव. पुढे एकोणीस वर्षं सुट्टी लागली रे लागली की आम्ही शेपूट लावून निघायचो.

मी फक्त चादरी काढायला गेले होते. दार ओढलं आणि हे बोलले.

"सावकाश. पायरी खाली आहे. घाई कुठे आहे आपल्याला?"

विसरलेच होते मी. हे लिफ्ट दुरुस्त करायचे. एका जुन्या लिफ्टमधली बोलणारी पेटी ह्यांनी घरी आणली होती. "दरवाजा बंद होत आहे" म्हणणारी एक गोड गळ्याची बाई होती तिच्यात. मी एकदा शेपटाच्या पायरीवरून घसरून घोटा सुजवून घेतला, तेव्हा ह्यांनी त्या बाईला पुसलं आणि तिच्या जागी स्वतः जाऊन बसले. दार उघडलं की दहा सेकंद बोलणार. किती वैतागायचे मी! पाव आणायला उतरा, बोलतात. पाव घेऊन चढा, पुन्हा बोलतात. "बंद करा हो तो कर्णा," असं मी शंभरदा तरी म्हटलं असेल.

पण आज आवाज खोल गेला होता. शेवटचं "आपल्याला" खरखरीतच विरलं. इतकी वर्षं माणसांच्या छातीला नळी लावून ऐकलंय मी, जीव कमी पडतोय हे मला कळतं. उद्या सकाळी पहिलं काम, बॅटरीवाला.

१० जानेवारी

कोपऱ्यावरच्या दुकानातला बॅटरीवाला आला. काडीसारखा माणूस, पण पाना धरतो तो डॉक्टरने चाकू धरावा तसा. शेपटाच्या पुढच्या दांड्यावर लाकडी खोका आहे, त्यात दोन बॅटऱ्या, एकीला एक जोडलेल्या. खोका उघडून बघतो तर टोकांवर पांढरी बुरशी. मीटर लावलं. अकरा पॉइंट सात.

"सिस्टर, भरलेली असेल तर साडेबाराच्या वर दाखवते. अकरावर आली म्हणजे बसलीच. हे साहेब दर रविवारी बघायचे ना? गाडी उभीच राहणार असेल तर सोपं काम आहे. ही काळी तार काढून ठेवतो. सहा महिने बघायला नको."

"तार काढली तर त्या बोलणाऱ्या पेटीचं काय होईल?"

"काय व्हायचंय? जुनी पेटी आहे, वीज गेली की सगळं विसरते. पुसलं जाईल."

मी इतक्या जोरात "हात लावू नका!" म्हणाले की त्याच्या हातून पाना पडला. मग मला वॉर्डातला आवाज काढल्याची लाज वाटली आणि मी त्याला चहा दिला. कारण मात्र सांगितलं नाही. हा दुकानात जाऊन सांगेल, दुकानातून गल्लीभर होईल, आणि नवऱ्याच्या आवाजासाठी बॅटऱ्या पोसणारी बाई म्हणून लोक मला बघायला येतील.

त्याने टोकं सोड्याच्या पाण्याने धुतली, मलम लावलं, बॅटरीचं पाणी ओतलं आणि एक नवा चार्जर दिला. हा सतत लावून ठेवायचा. बॅटरी भरली की आपोआप थांबतो, उतरली की पुन्हा सुरू होतो. मागच्या पडवीतल्या प्लगमधून वायर काढून दिली.

"पण सिस्टर, बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात. चार्जरचा आधार काढलात तर आठवडासुद्धा धरणार नाहीत. बदलूनच टाका."

"बदलायची म्हणजे तार सोडावी लागेल?"

"क्षणभर."

"नको."

१७ जानेवारी

पेशंट दोन. बारा पॉइंट सहा. पाणी ठीक. टोकं स्वच्छ. आवाज खणखणीत. दिवसातून एकदाच दार उघडायचं असं ठरवलंय. आज दोनदा उघडलं.

२५ जानेवारी

बारा पॉइंट सहा. का आठ? मीटरवरचे आकडे मला नीट दिसत नाहीत, सहा आणि आठ जुळे भाऊ झालेत.

आज आत जाऊन बसले, पंधरा मिनिटं म्हणता म्हणता दुपार गेली. कपाटाच्या आतल्या बाजूला मुलाची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. पाच वर्षं, सहा वर्षं, सात. मग एकदम अकरा, कारण मधली तीन वर्षं पेन्सिल सापडत नव्हती म्हणे. एकदा तळ्याकाठी मुक्काम होता. सबंध दिवस पाऊस, छत नेमकं माझ्या उशीवर गळत होतं, आणि हे दोघे बापलेक पातेल्यात पडणारे थेंब मोजत बसलेले. मी चिडून म्हटलं, "छत दुरुस्त करायचं सोडून थेंब काय मोजताय?" तर हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मिनिटाला बावीस आहेत, अजून धोका नाही." मी हसू नये म्हणून तोंड फिरवलं होतं. तेव्हाच मनसोक्त हसायला हवं होतं. आज हसले, एकटी, आणि मग रडले.

८ फेब्रुवारी

मुलगा आला होता. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे घरात पाऊल टाकल्या टाकल्या आधी माझ्या डोळ्यांकडे बघतो.

"आई, मोतीबिंदू पिकलाय. किती दिवस टाळणार?"

"मला सगळं दिसतं."

"मघाशी तू साखरेच्या डब्यात मीठ ओतत होतीस."

मग जेवताना त्याने दुसरा विषय काढला. शेपूट उन्हातान्हात सडतंय, टायर बसलेत, एक ओळखीचा घ्यायला तयार आहे, जागा मोकळी होईल. मी म्हटलं, "तुझ्या बापाची वस्तू आहे ती." तो म्हणाला, "म्हणूनच म्हणतो. अशी पडलेली बघवत नाही." न बघवायला काय झालं? रोज पुसते मी. माझ्या पोटचा गोळा, आणि त्याला अडगळ दिसते!

आवाजाचं त्याला सांगावं असं एकदा ओठांवर आलं होतं. माझा फोन साधा बटणांचा. त्याच्या फोनवर भरून घे म्हटलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण त्याच्या तोंडून "विकू या" निघालं आणि माझं तोंड मिटलं. आई भ्रमिष्ट झाली म्हणेल आणि उचलून त्याच्या घरी नेईल. निघताना "जरा टायर बघून येतो" म्हणून शेपटाकडे गेला तो बराच वेळ आला नाही. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते, पण नळ चालू होता.

१९ फेब्रुवारी

शेजारच्या मास्तरीणबाईंनी कुंपणावरून बातमी दिली. मी परवा दवाखान्यात डोळे दाखवायला गेले होते तेव्हा मुलगा येऊन गेला म्हणे. "दुपारचा, जेवणाच्या सुट्टीत आला असेल. तुमच्या त्या गाडीचं दार उघडत होता, लावत होता, पुन्हा उघडत होता. आत काही गेला नाही. बिजागरी तपासत असेल."

बिजागरी! म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायची तयारी. माझ्या मागे, मला न विचारता. अंगाचा तिळपापड झाला. त्याला फोन केला नाही, कारण केला असता तर नको ते बोलून बसले असते.

डॉक्टर म्हणतात आधी उजवा डोळा. करून टाकते. मीटर धड वाचता येत नसेल तर ह्या दोघींकडे बघणार कोण?

१४ मार्च

आज ऑपरेशनसाठी मुलाकडे जायचंय. दहा-बारा दिवस तिथेच मुक्काम. साडेसहालाच गाडी घेऊन दारात हजर. बापाचा वक्तशीरपणा तेवढा उचललाय.

पेशंट दोन, बारा पॉइंट सात. चार्जरचा हिरवा दिवा चालू. जाण्यापूर्वी दार उघडून एकदा ऐकून घेतलं. "घाई कुठे आहे आपल्याला?" मी म्हटलं, "मला आहे, पोरगा खोळंबलाय."

निघताना: फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवलं. गॅस बंद. पाण्याचा कॉक बंद. खिडक्या, कड्या. शेवटी मेन खाली. चाळीस वर्षं ह्यांनी आमच्याकडून हे घोटून घेतलंय, "घर सोडताना आधी मेन," दोन तासांसाठी का जायचं असेना. लिफ्टवाल्याची शिस्त. सूनबाई नवीन असताना हसायची, आता तिचाही हात आपोआप वर जातो. तर सगळं यथासांग करून, कुलूप दोनदा ओढून निघाले. चुकलेलं काही नाही.

२६ मार्च

घरी आले. काय दिसतंय! भिंतीला इतके डाग होते? आरशात एक म्हातारी होती, तिला मी ओळखत नव्हते. मुलगा बॅग घेऊन मागे उभा होता. मी आल्या आल्या मेन वर केला, पाणी सुरू केलं, त्याला म्हटलं तू बस, मी आलेच, आणि थेट शेपटाकडे गेले.

दार उघडलं. काही नाही.

लावलं, उघडलं. लावलं, उघडलं. आतला दिवा लावून बघितला, लागला नाही. मीटर लावलं. नव्या डोळ्याने स्वच्छ वाचलं. चार पॉइंट एक.

पुढचं लिहवत नाही, पण लिहिते. मी अंगणातच ओरडले. मुलगा धावत आला. मी म्हटलं, "तू केलंस हे. मला तिकडे ठेवून इथे येत होतास ना दाखवायला? चार्जर काढलास कुणासाठी तरी." तो म्हणाला, "काय झालं आई?" मी म्हटलं, "बाबांचा आवाज गेला!" तो पायरीकडे बघत राहिला. मग मागे वळून घराकडे बघितलं.

"बोल ना! तूच काढलास ना?"

"हो," म्हणाला. "माझ्याकडूनच निघाला असेल."

असेल! मी त्याला म्हटलं, तुला हेच हवं होतं, आता वीक हवं त्याला, आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस. तो डोळ्याच्या थेंबांची बाटली टेबलावर ठेवून, किती वाजता कुठला थेंब ते कागदावर लिहून गेला.

२७ मार्च

बॅटरीवाला आला. चार्जर प्लगमध्येच होता, काढून पुन्हा लावून ठेवला असणार, तरी बॅटऱ्या भरेनात. तो म्हणाला, "इतक्या खाली गेल्या की ह्या चार्जरला बॅटरी आहे हेच कळत नाही." दुकानातून मोठं यंत्र आणून लावलं. दोन तासांनी पेटीचा लाल दिवा लागला. मी दार उघडलं. पेटी "टूं" म्हणाली आणि गप्प बसली.

"रिकामी आहे," बॅटरीवाला म्हणाला. मग माझ्याकडे बघून डोक्यावरची टोपी काढली. न सांगता त्याला सगळं कळलं होतं. चहा न घेता गेला.

दवाखान्यात हे गेले तेव्हा मी रडले नव्हते. सिस्टर होते ना. कागद, सह्या, मशीन कुठली बंद करायची, सगळं मीच बघितलं. आज मात्र शेपटाच्या बाकावर आडवी पडून ओक्साबोक्शी रडले. दुसऱ्यांदा गेले हे, आणि ह्या वेळी मी जवळ नव्हते.

१५ एप्रिल

काही नाही. शेपटाकडे गेले नाही. मुलाचे सहा फोन, उचलले नाहीत. सूनबाईने डबा पाठवला, तो मास्तरीणबाईंना दिला.

१९ एप्रिल

डोळ्याच्या थेंबांचा कागद हरवला. ऑपरेशन नेमकं कुठल्या तारखेला झालं ते बघायला ही वही काढली. नवा डोळा, काहीही वाचावंसं वाटतं, म्हणून मागची पानं वाचत बसले.

१४ मार्च. शेवटी मेन खाली.

तीनदा वाचलं. उठून मेनच्या बोर्डाशी गेले. खटका खाली केला, पडवीत जाऊन बघितलं. चार्जरचा हिरवा दिवा विझला. पुन्हा वर केला, पुन्हा लागला.

मी केलंय. माझ्या हाताने. वर "चुकलेलं काही नाही" असं लिहूनही ठेवलंय.

आणि तो मागे उभा होता, बॅग घेऊन. मी मेन वर करताना त्याने बघितलं होतं.

२० एप्रिल

दुकान उघडायच्या आधीच जाऊन पायरीवर बसले. तो आला, मला बघून थबकला. काही न विचारता कुलूप काढलं, मला उंच खुर्चीवर बसवलं आणि डोळ्यांवर ती जड लोखंडी फ्रेम चढवली. डोळा झाल्यावर तपासायचाच होता म्हणे.

"सगळ्यात खालची ओळ वाच."

"मेन मी बंद केला होता."

तो भिंग बदलत राहिला. "आता? आधीचं बरं की हे?"

"अरे, ऐक तरी! मी बंद केला. तुला माहीत होतं."

"हो."

"मग बोलला का नाहीस, मूर्खा? मी तुला काय काय बोलले!"

त्याने फ्रेम काढली आणि खाली बघून काचा पुसायला लागला. "काय बोलायचं, आई? तुझ्या हातून बाबांचा आवाज गेला, असं? ते तू कसं सोसलं असतंस? माझ्यावर चिडलीस, चालेल. आज ना उद्या फोन उचलला असतास."

मी त्याचा हात धरला. चुकलं माझं, असं म्हटलं. ह्या पोराला मी आजवर कधी असं म्हटलं नव्हतं. मग विचारलं, गिऱ्हाइकाला दाखवायचं नव्हतं तर दुपारचा येऊन दार कशाला उघडत-लावत होतास. त्याचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे.

"एकदा उघडलं की बाबा एकदाच बोलायचे ना. म्हणून लावून परत उघडायचो."

"मग फोनवर भरून का नाही घेतलास रे?"

"काढला होता एकदा फोन. लाज वाटली. म्हटलं, इथेच तर आहेत, केव्हाही येऊन ऐकू." काचा डबीत ठेवत म्हणाला, "आणि विकायचं म्हणत होतो, कारण दर वेळी ऐकून दुकानात परतलो की दिवसभर कामात लक्ष लागायचं नाही."

एक गिऱ्हाईक दारात आलं, आम्हा दोघांचे चेहरे बघून "मग येतो" म्हणालं आणि गेलं.

२६ एप्रिल

आज तो नव्या बॅटऱ्या घेऊन आला. जुन्या काढताना काळी तार सुटली, पण आता भ्यायचं कशाला? लाल तार, काळी तार, मलम, झाकण. बारा पॉइंट आठ. मी दोनदा वाचलं, आठच होता.

मग तो आत पेटीपाशी जाऊन उकिडवा बसला. "आई, इकडे ये. ह्या बटणावर बोट ठेवतो, तू बोल."

"मी? मी कशाला? मी आहे की जिवंत."

"म्हणूनच."

मला काही सुचेना. तीस वर्षं वॉर्ड दणाणून सोडला, आणि एका पेटीसमोर जीभ टाळ्याला चिकटली. पायरी बघ म्हणू? ते ह्यांचं. जेवलास का म्हणू? केस नीट केले, पदर सारखा केला, तो हसायला लागला, मी त्याला दटावलं, आणि ह्या सगळ्यात त्याचं बोट कधीच बटणावर होतं. दार लावून उघडलं तर ऐकू आलं, "लागला का रे लाल दिवा? सांग ना मेल्या, बोलू का आता? अरे, पण काय बोलू?" आणि संपलं.

मी म्हटलं, पूस ते, काहीतरीच आलंय, मी नीट विचार करून बोलते. तो नाही म्हणाला. मी पुन्हा म्हटलं, चांगला आवाज चढवून. सिस्टर म्हणून, आई म्हणून, दोन्ही करून बघितलं. बाहेर जाऊन त्याने खोका उघडला, दोन्ही तारांचे नट पान्याने पुन्हा एकदा घट्ट केले, आणि दर रविवारी मीटर मी बघणार, तू हात लावायचा नाहीस, असं मला बजावलं.